तिसरी बोअर मारायची का?

"एवढा पैसा घातलाय, आता मागं कसं फिरायचं?" निपाणी-चिकोडी भागातून माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या माणसांच्या तोंडी हा प्रश्न हमखास असतो. कुणाचा पैसा पोराच्या कोचिंगमध्ये अडकलेला, कुणाचा भाऊबंदकीच्या दाव्यात. ही गोष्ट बोअरची आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

चिकोडी तालुक्यातलं जोडपं. वैनींनीच अण्णांना आणलं होतं. "ह्यांना झोप न्हाई, भरल्या ताटावरनं उठत्यात." दोन बोअर कोरड्या गेलेल्या, पहिली साडेचारशे फूट, दुसरी सहाशे. सोसायटीचं कर्ज अंगावर. आता तिसरीसाठी वैनींचं गंठण गहाण टाकायचं चाललं होतं. अण्णांचा हिशेब सरळ होता, "तिसरी लागली की मागल्या दोन्हींचा पैसा निघतोय की. न्हाईतर सहाशे फुटांचा पैसा मातीत सोडू व्हय?"

पैसा मातीत गेलाच होता. तिसरी मारली तरी तो परत येणार नव्हता, नाही मारली तरी नाही. पण हे तोंडावर सांगून कुणाला पटत नाही, कारण खुपत असतं ते वेगळंच. अण्णांचा थोरला भाऊ पारावर चार माणसांत म्हणाला होता, "ह्यानं घर बुडवलं." त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. आकडेमोड आधी काढणारे सल्लागार इथंच फसतात, असं माझं मत आहे.

या अडकण्याचा अभ्यास झालेला आहे. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं की तेवढ्याच रकमेच्या फायद्याच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं असतं. आर्क्स आणि ब्लूमर यांच्या 1985 च्या प्रयोगात नाटकांचे हंगामी पास काहींना पूर्ण दराने, काहींना सवलतीत दिले. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच, फक्त खिशातून जास्त गेलेलं. अण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "समजा हे रान कालच तुमच्या नावावर झालंय. तुमची एकही बोअर नाही, पण शेजाऱ्याच्या दोन कोरड्या गेल्यात. गंठण टाकून इथं मारशीला?"

अण्णा गप्प. मग म्हणाले, "आधी पाणी बघून घेतलं असतं."

म्हणजे त्या दोन बोअरमधून पैसा नाही, पण माहिती मिळाली होती. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते वरच्या मुरमाड थरात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. भेगच नसेल तर खाली जाऊन उपयोग नाही. जागा कशी ठरवली होती? तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून. पाणाड्याचं नाव निघताच वैनी हसल्या. अण्णा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत.

यातला सगळ्यात अवघड भाग पुढचा. बोअरची गाडी रानात येते, बहुधा रात्री. चारशेला नुसती धूळ. एजंट म्हणतो, "अजून पन्नास मारू, दगड बदललाय." खोली वाढेल तसा फुटाचा दर चढत जातो, कॉम्प्रेसरच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, बांधावर निम्मं गाव उभं. अशा वेळी 'बास' म्हणायची कुणाची छाती होत नाही. म्हणून किती फुटांवर थांबायचं तो आकडा घरीच, दिवसाढवळ्या ठरवायचा आणि वहीत लिहायचा. अण्णा पाचशेवर अडून होते. वैनी म्हणाल्या, "तीनशेच्या खाली ज्या त्या टायमाला धूळच निघाली हो." शेवटी साडेतीनशेवर जमलं, वर खर्चाचा एक आकडा, आणि गंठणाला हात लावायचा नाही.

भावाच्या बोलण्याचं काय, हे अण्णांनी जाताना परत विचारलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पारावरची तोंडं बोअर लागली तरी बंद होत नाहीत.

यंदा त्यांनी कोरडवाहू शाळू आणि हरभरा पेरलाय. उन्हाळ्यात भूजलाचा सर्व्हे करून घेतील. त्यात जागा निघाली नाही, तर शेजाऱ्याच्या विहिरीवर वाट्यानं पाणी मिळतंय का, ते वैनी आधीच बोलून आल्यात.