आई-बाबा अमेरिकेत बी-२ (पर्यटक) व्हिसावर आले आहेत, मुक्काम सहा महिन्यांपेक्षा वाढवता येईल का?

येतो. मात्र पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख पाहू नका. तो दहा वर्षांचा असला तरी किती दिवस राहायचं हे आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) वरची तारीख ठरवते. सीबीपीच्या (अमेरिकेचा सीमाशुल्क व सीमासुरक्षा विभाग) वेबसाइटवरून दोघांचे आय-९४ आजच काढा, कारण नवरा-बायकोच्या तारखाही कधी कधी वेगळ्या पडतात.

मुदतवाढीचा अर्ज यूएससीआयएसकडे (अमेरिकेचा इमिग्रेशन विभाग), फॉर्म आय-५३९. एकाच्या नावाने भरून जोडीदारासाठी आय-५३९ए जोडता येतो. मुदत संपायच्या किमान ४५ दिवस आधी भरा. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, सही किंवा फी चुकली की अर्ज परत येतो आणि तोवर तारीख उलटून जाते.

खरा कस कारणाच्या पत्राचा. ‘नातवंडांसोबत राहायचंय’ एवढं पुरत नाही. का थांबायचं, कधी परतणार, खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहा. बँक स्टेटमेंट, परतीचं तिकीट, भारतातल्या घराची किंवा पेन्शनची कागदपत्रं जोडा. उपचार असतील तर डॉक्टरांचं पत्र हवंच.

वेळेत केलेला अर्ज प्रलंबित असताना बेकायदा वास्तव्य मोजलं जात नाही. नामंजूर झाला तर लगेच निघा. १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून परतल्यास किमान तीन वर्षं प्रवेशबंदी लागते. अर्जाची पावती जपून ठेवा, पुढच्या वेळी विमानतळावर विचारू शकतात.