पदरचं वाक्य

प्रश्न : ताई, बरेच नट मुलाखतीत सांगतात, 'ते वाक्य स्क्रिप्टमध्ये नव्हतंच, मी सेटवर सुचलं तसं बोललो.' गाजलेली वाक्यं नटांनाच सुचत असतील, तर तुम्ही संवादलेखक करता काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नटांना सुचतं, हे खरंच आहे. आमच्याकडे त्याला 'ॲडिशन घेणं' म्हणतात आणि वगनाट्यात तर तो हक्कच असतो. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ॲडिशन घेत. पण तेवढी मोकळीक देणारा सैल, मजबूत वग सबनीसांनी आधी बांधून ठेवला होता.

सिनेमातही तेच. 'टॅक्सी ड्रायव्हर' (1976) मध्ये रॉबर्ट डी निरो आरशात बघून 'माझ्याशी बोलतोयस?' असं विचारतो. पॉल श्रेडरच्या पटकथेत तिथे संवाद नव्हता, ट्रॅव्हिस (डी निरोचं पात्र) आरशासमोर स्वतःशी बोलतो एवढंच होतं. वाक्य डी निरोचं, शंभर टक्के. पण रात्र रात्र टॅक्सी चालवणारा, बोलायला कुणी नसलेला, हाती पिस्तूल आलेला माणूस आरशापुढे उभा केला तो श्रेडरने. तेवढं काढून घ्या आणि तेच वाक्य म्हणून बघा.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण 'ब्लेड रनर'चं (1982). आपल्या पात्राचं मरण्यापूर्वीचं लिहून आलेलं भाषण नट रुटगर हाउअरने बरंचसं कापलं आणि शेवटी स्वतःची भर घातली : हे सगळे क्षण हरवून जातील, पावसातल्या आसवांसारखे. लोक त्या ओळीवर फिदा आहेत, मीही आहे. पण मला त्याचं कापणं जास्त मोठं वाटतं. स्वतःच्या तोंडची वाक्यं कमी करणारा नट लेखकाला क्वचित भेटतो.

एका दैनंदिन मालिकेत मी आईला वाक्य दिलं होतं, 'तुला माझी काळजीच नाही.' मुलगा रात्री उशिरा घरी येतो, तो प्रसंग. ज्येष्ठ अभिनेत्रीने ताटावरचं झाकण उचललं, आमटीच्या वाटीला बोट लावलं आणि म्हणाली, 'गार झाली. थांब, तापवून आणते.' माझ्या वाक्याहून दसपट चांगलं! पंचाईत झाली ती मुलाची. त्याचं पुढचं वाक्य होतं, 'काळजी आहे म्हणूनच उशीर झाला.' आता ते कशाला जोडायचं? क्यूच गेला, म्हणजे ज्या शब्दांवर त्याने बोलायचं तेच गेले. दिग्दर्शकाने फोन केला, मी फोनवरच मुलाला नवं वाक्य दिलं : 'राहू दे, गारच वाढ.' संवादलेखक काय करतो, त्याचं हे एक उत्तर.

आणखी एक अडचण कॅमेऱ्याची. पदरचं वाक्य ऐकून समोरचा नट खरोखर चमकतो ते पहिल्यांदाच. एकाच कॅमेऱ्यावर काम असेल आणि तो बोलणाऱ्यावर असेल, तर ते चमकणं गेलं. पुढच्या टेकला तो चमकल्याचा अभिनय करतो. मग संवादच लिहिले नाहीत तर? लॅरी डेव्हिडच्या 'कर्ब युवर एन्थुझियाझम' या अमेरिकन मालिकेत बहुतेक संवाद लिहिलेलेच नसत, नट प्रसंगात बोलत जात. पण कोण येतो, काय बिघडतं, शेवटी कोण कशात अडकतं, हे आराखड्यात आधीच पक्कं असे.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत मी ॲडिशन घेतली, हशाही आला, पण लेखक चिडला. चुकलं का माझं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : हशा पात्राला आला की तुम्हाला, ते आधी बघा. पात्राला आला असेल तर लेखकाला जाऊन सांगा, तो बहुधा वाक्य संहितेत घालेल. पुढच्या वेळी ॲडिशन तालमीत घ्या, प्रयोगात नको. आणि वाक्यात कितीही भर घाला, शेवटचे दोन-तीन शब्द लिहिलेलेच ठेवा. समोरचा त्यांचीच वाट बघत असतो.