लॅपटॉपचा टच अचानक बंद पडला आहे. दुकानदार म्हणतो तसे पूर्ण पॅनेल बदलावे का?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या ३६० अंशांत उलटणाऱ्या लॅपटॉपचे चित्र स्वच्छ दिसते, कीबोर्ड आणि माउस चालतात, काचेला तडा नाही, फक्त बोटाला प्रतिसाद मिळत नाही. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला टच चालवायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकल्यावरही फरक पडला नाही आणि दुकानदाराने पॅनेल बदलायला सांगितले आहे. माझे उत्तर असे की आत्ताच बदलू नका. ‘पॅनेल गेलंय’ हे वाक्य मी स्वतः सोलापुरातल्या एका दुकानात ऐकले आहे, त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजण्याच्या बेतात होते आणि ते वाक्य चुकीचे निघाले, म्हणून इतके सविस्तर लिहिते आहे.

मी चादरी आणि टॉवेलांच्या जॅकार्ड नक्षी काढते. माझे वडील हेच काम ग्राफपेपरवर करत. एकेक चौकोन रंगवून पूर्ण नक्षी तयार होई, मग त्यावरून कार्डांना भोके पाडली जात आणि कोणता धागा उचलायचा हे ती भोके मागाला सांगत. आज चौकोनाच्या जागी पडद्यावरचा ठिपका आला आहे, पण काम तेच आहे. उजव्या हातात पेन असते आणि डाव्या हाताच्या दोन बोटांनी नक्षी सतत लहान-मोठी करावी लागते, कारण मोराच्या पिसाऱ्यातला एक ठिपका चुकला तर तो चादरीभर जितक्या वेळा मोर येईल तितक्या वेळा चुकतो. त्यामुळे टच बंद पडला आणि माउस चालू राहिला, तर इतरांच्या दृष्टीने लॅपटॉप चालू असतो. माझ्या दृष्टीने माझा डावा हात गेलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर एका व्यापाऱ्याच्या सहा नक्षी द्यायच्या होत्या. लॅपटॉप पूर्ण उलटा करून उतरत्या फळीवर ठेवला होता आणि काम चालू असतानाच बोटांना प्रतिसाद मिळेनासा झाला. पेनही चालेना. बंद करून चालू केला, काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात नेला. तिथल्या माणसाने पाच मिनिटे पडद्यावर बोट फिरवले, ड्रायव्हर एकदा पुन्हा टाकला आणि एकवीस हजार रुपये सांगितले. ‘ताई, यात काच वेगळी निघत नाही, सगळं पॅनेलच बदलावं लागतं,’ असे तो म्हणाला. पुष्कळ मॉडेलांमध्ये काच आणि डिस्प्ले एकमेकांना चिकटवलेले असतात, त्यामुळे वाक्याचा तेवढा भाग खरा होता. पण बिघाड काचेत आहे हे त्याने तपासलेच नव्हते.

घरी आल्यावर आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, एवढेच म्हणाले, ‘दिवसभर काचेवर बोटं दाबत बसल्यावर दुसरं काय होणार?’ अण्णा मागांचा हिशोब सांभाळतात आणि मी हा लॅपटॉप घेतला त्या दिवसापासून त्यांचे म्हणणे होते की साधा डेस्कटॉप आणि चांगला माउस पुरेसा होता. दुकानदाराच्या एकवीस हजारांपेक्षा मला ते वाक्य जास्त लागले, कारण त्यात दोष माझ्या हाताचा ठरत होता.

तो दोष हाताचा नव्हता आणि तसा असूही शकत नाही, हे इथे नीट सांगायला हवे. आजच्या लॅपटॉपच्या पडद्यावरचा टच दाबाने चालत नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या वाहक रेषांची उभी-आडवी जाळी असते. विणकराच्या भाषेत तो ताणा-बाणाच आहे. बोट जवळ आले की ज्या ठिकाणी उभी आणि आडवी रेषा एकमेकींना ओलांडतात तिथली विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, किंचित बदलते आणि एक छोटी चिप तो बदल मोजून बोटाची जागा ठरवते. हलका स्पर्श पुरतो, जोराने दाबून अधिक काही मिळत नाही आणि रोजच्या वापरातल्या बोटांनी ती जाळी झिजतही नाही.

यातूनच बिघाड ओळखण्याची एक खूण मिळते. ताण्यातला एक धागा तुटला तर कापडावर लांबच लांब उभी रेघ पडते, संपूर्ण कापड नाहीसे होत नाही. टचच्या जाळीचेही तसेच आहे. जाळीतली रेषा तुटली तर पडद्यावर उभा किंवा आडवा पट्टा मरतो आणि बाकीचा भाग चालत राहतो. तुमचा पडदा एका क्षणी पूर्णच मेला असेल, तर आधी संशय घ्यावा तो चिपवर, तिच्याकडे जाणाऱ्या केबलवर किंवा विंडोजवर, काचेवर नव्हे. मला हे त्या रात्री सुचले आणि म्हणून मी पॅनेलची ऑर्डर थांबवली.

रात्री अकराच्या सुमारास मी लॅपटॉप नेहमीसारखा, म्हणजे काटकोनात उघडून टेबलावर ठेवला आणि सवयीने पडद्याला बोट लावले, तर टच चालू होता. काही मिनिटांनी पडदा मागे ढकलला आणि तो पुन्हा गेला. जाताना एक बारीक आवाज आला, यूएसबीमधून पेनड्राइव्ह उपटल्यावर विंडोज करते तोच. मी विंडोजमधली उपकरणांची यादी, म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, उघडला, त्यातला ‘ह्यूमन इंटरफेस डिव्हाइसेस’ हा भाग उलगडला आणि ‘एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन’ या ओळीवर नजर ठेवून पडदा बोटभर अंतराने मागे नेऊ लागले. पडदा जेमतेम सपाट झाला की आवाज येई आणि ती ओळ यादीतून नाहीशी होई. पडदा पुढे आणला की दुसरा आवाज येई आणि ओळ परत दिसे. मी हे बारा वेळा करून पाहिले आणि बाराही वेळा ते त्याच कोनात घडले. बिजागरीतून जाणारी टचची केबल वाकताना संपर्क सोडत होती, याहून स्पष्ट पुरावा मिळाला नसता.

दुकान बदलले. दुसरीकडच्या तरुण मेकॅनिकला मी ती ओळ येताना-जाताना दाखवली. त्याने काही न बोलता मागचे झाकण उघडले, आधी बॅटरीची पिन काढली आणि डाव्या बिजागरीजवळची चपटी केबल चिमट्याने वर उचलून दाखवली. जिथे ती वळत होती तिथले आवरण घासून पांढरे पडले होते आणि त्या वळणाभोवती कापसाचे बारीक तंतू गुंडाळले गेले होते. मागांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाच्या कोणत्याही यंत्रात हे तंतू सापडतात. केबल मागवायला आठ दिवस लागले आणि मजुरीसह अठराशे रुपये झाले. तोच पडदा आजही चालू आहे.

आता तुमच्या लॅपटॉपकडे वळते. पडदा वेगवेगळ्या कोनांत ठेवून टच पाहा. ही चाचणी फुकट आहे आणि ती कोणीच सांगत नाही. त्यानंतर लॅपटॉप रीस्टार्ट करा, आणि इथे मी रीस्टार्टच म्हणते आहे, शट डाउन नव्हे. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच राहतो. एकदा चार्जर काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरून पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये टचची ओळ दिसतच नसेल, तर व्ह्यू मेन्यूतून लपलेली उपकरणे दाखवायला सांगा. ओळ फिकट दिसली तर विंडोजला ते उपकरण पूर्वी ठाऊक होते, पण आत्ता सापडत नाही. अशा वेळी टचचा ड्रायव्हर पुन्हा टाकण्याला अर्थ नाही, कारण तो विंडोजचाच सर्वसाधारण ड्रायव्हर असतो. बऱ्याच लॅपटॉपांमध्ये टचची चिप आय-टू-सी नावाच्या अंतर्गत जोडणीवर असते. तिच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, तुमच्या नेमक्या मॉडेलचा, उतरवून टाकावा लागतो. अशा लॅपटॉपमध्ये माझ्यासारखा आवाज येणार नाही, हेही ध्यानात ठेवा. टच झोपेतून उठल्यावरच जात असेल, तर त्या कंट्रोलरच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या.

विंडोजला पूर्णपणे बाजूला ठेवून तपासायचे असेल, तर उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, डिस्कवर काहीही न टाकता, त्यावरूनच लॅपटॉप सुरू करा. तिथे पडद्याच्या सगळ्या कोनांत टच चालला तर यंत्र निर्दोष आहे आणि पॅनेलचा विषय तिथेच संपतो.

चार्जरबद्दलही सांगायला हवे, कारण आमच्याकडे त्यावरूनही वाद झाला होता. केबल बदलल्यानंतर महिनाभराने चार्जर लावला की पडदा आपोआप टच घेऊ लागला. नक्षीत नको तिथे ठिपके पडत आणि चित्र स्वतःहून सरके. अण्णांनी पुन्हा पडद्यालाच दोष दिला. प्रत्यक्षात त्यांनीच चार्जरच्या तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावला होता, कारण आमच्या जुन्या घरातल्या त्या सॉकेटला प्लग बसत नव्हता. त्यामुळे अर्थिंग तुटले होते आणि चार्जरमधला विद्युत गोंगाट थेट टचच्या मोजणीत मिसळत होता. वायरमनला बोलावून अर्थिंग असलेला सॉकेट बसवला, तेव्हापासून एकही ठिपका आपोआप पडलेला नाही. तुमचा टच चार्जर काढल्यावर सुधारत असेल, तर दुकानात जाण्याआधी वायरमनला बोलवा.

काही गोष्टी मी आधीच सांगायला हव्या होत्या. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण कोणालाही उघडू देऊ नका. बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करायला कोणी सांगितले, तर डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. ती मागितली गेली आणि तुमच्याकडे नसली तर फाइल गमावाल. लॅपटॉपचा तळ फुगलेला वाटत असेल किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल, तर बॅटरी फुगली आहे. सगळे प्रयोग थांबवून लॅपटॉप बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. उबुंटूमध्येही टच चालला नाही, तर तेवढ्यावरून यंत्र बिघडले असे म्हणता येत नाही, कारण काही टच चिपांना तिथे आधार नसतो. आणि तुमच्या पडद्यावर नेमका एक पट्टा मेलेला असेल, तर तुमचा दुकानदार बहुधा बरोबर आहे. मग पॅनेलच बदलावे लागेल आणि मी वर लिहिलेले तुम्हाला उपयोगी पडणार नाही.

त्याला मात्र एक प्रश्न अवश्य विचारा: टचची चिप विंडोजला दिसते आहे की नाही, हे त्याने पाहिले का? उत्तर देता आले नाही तर लॅपटॉप उचलून परत आणा. तुम्ही फार दाबता म्हणून हे झाले असे घरातले कोणी म्हणत असेल, तर त्यांना जाळीबद्दल वरचे जे लिहिले आहे ते वाचून दाखवा. मी ती झिजलेली केबल अण्णांच्या हातात दिली होती. त्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि ‘मागाचा पट्टा पण असाच वळणावर झिजतो’ एवढेच म्हणाले. माझ्या बोटांचे नाव त्यांनी पुन्हा काढलेले नाही. डेस्कटॉपचा आग्रह मात्र अजून सुटलेला नाही आणि त्या बाबतीत ते चूक आहेत असे माझे आजही ठाम मत आहे.

तुमचा टच कोणत्या कोनात जातो आणि ती ओळ फिकट दिसते की दिसतच नाही, एवढे दोन तपशील कळवा. त्यावरून पुढचे सांगता येईल.