वाचकांचे प्रश्न: पणजोबा खरंच रेल्वेच्या पलटणीत होते का?

प्रश्न : सर नमस्कार, मी परळला राहतो. माझे पणजोबा परळच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) वर्कशॉपमध्ये फिटर होते, घरात सगळे सांगतात ते "रेल्वेच्या पलटणीत" पण होते. आजीच्या पेटीत एक पितळी बटण सापडलंय, त्यावर जीआयपी रेल्वे व्हॉलंटियरचं नाव आहे. हे खरं असेल का? नियम काय होते, पगार मिळायचा का?

उत्तर : बटण जपून ठेवा आणि ब्रासोने घासू नका प्लीज. आता पणजोबांचं. गोष्ट 1917 च्या आधीची असेल तर शक्यता फार कमी आहे, आणि त्याचं कारण नियमांतच आहे.

रेल्वे व्हॉलंटियरांच्या या पलटणी 1869 च्या इंडियन व्हॉलंटियर्स ॲक्टखाली चालायच्या. हे फुल टाइम सैनिक नव्हते, नोकरी सांभाळून परेड आणि नेमबाजी करायची. वर्षभरात ठरलेल्या परेडी आणि नेमबाजी पूर्ण केली की माणूस "एफिशियंट" धरला जायचा आणि अशा प्रत्येक माणसामागे सरकार पलटणीला ठराविक रक्कम द्यायचं, म्हणजे हजेरीपटावर पलटणीचं बजेट उभं असायचं, त्यामुळे हजेरी, बंदुका, काडतुसं सगळ्याचा काटेकोर हिशोब. सोडण्याचं म्हणाल तर विलायतेत 1863 च्या कायद्याने व्हॉलंटियरला 14 दिवसांची नोटीस देऊन बाहेर पडता यायचं. पण इथल्या रेल्वेत युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांना पलटणीत नाव घालावंच लागायचं, नावाला व्हॉलंटियर आणि प्रत्यक्षात नोकरीची अट!

आणि हिंदी, म्हणजे भारतीय माणसाला? सरकारी धोरण म्हणून त्याला बाहेरच ठेवलं होतं. मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे 1878 चा आर्म्स ॲक्ट. आपल्या माणसाला बंदुकीसाठी लायसन्स हवं, आणि व्हॉलंटियरला मात्र ड्युटीवर असताना त्या कायद्यातून सूट. म्हणजे त्याच वर्कशॉपमध्ये शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोघांपैकी एकाच्या हातात सरकारच रायफल देतंय आणि दुसऱ्याने ती बाळगली तर गुन्हा. 1885 मध्ये आपल्या गोवालिया टँकला काँग्रेस जन्मली आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनात हिंदी लोकांनाही व्हॉलंटियर होऊ द्या असा ठराव झाला. सरकारने काही दाद दिली नाही.

दार थोडं उघडलं ते 1917 ला, महायुद्धात. इंडियन डिफेन्स फोर्स ॲक्ट आला, त्यात युरोपियनांना सक्ती आणि हिंदी लोकांना मर्जीने भरती. टिळकांनीही तरुणांना नाव नोंदवा असं सांगितलं होतं. पण 1920 ला परत दोन वाटा झाल्या, युरोपियन आणि अँग्लो-इंडियनांसाठी ऑक्झिलियरी फोर्स, आपल्यासाठी टेरिटोरियल फोर्स. तुमचे पणजोबा डिफेन्स फोर्समध्ये किंवा टेरिटोरियल फोर्समध्ये असू शकतात, आणि बटण वर्कशॉपमध्ये कुणाकडून मिळालेलं असू शकतं. त्यामुळे घरची गोष्ट खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, फक्त त्यांचं जन्मसाल आणि नोकरीची वर्षं आधी शोधा, त्यावरच सगळं ठरेल. अधिकाऱ्यांची नावं जुन्या आर्मी लिस्टमध्ये छापलेली असतात पण साध्या शिपायाचं नाव तिथे मिळणार नाही, त्यासाठी काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे तिथे लष्करी खात्याचे कागद मागून बघा.

प्रश्न : शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत एका दगडावर नावापुढे "व्ही. डी." आहे. ही डिग्री आहे का?

उत्तर : डिग्री नाही, व्हॉलंटियर ऑफिसर्स डेकोरेशन. हा सन्मान 1892 ला विलायतेत सुरू झाला, दोन वर्षांनी हिंदुस्थान आणि वसाहतींनाही लागू झाला. वर्षानुवर्षं सेवा केलेल्या अधिकाऱ्यांना मिळायचा, साध्या व्हॉलंटियरला वेगळं मेडल होतं. दगडावर पलटणीचं नाव असेल तर फोटो काढून पाठवा.

प्रश्न : आत्ताची एनसीसी त्याच पलटणींतून आली का?

उत्तर : थेट नाही. 1917 ला डिफेन्स फोर्सखाली कॉलेजच्या पोरांच्या तुकड्या निघाल्या, 1920 नंतर त्याच युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोर झाल्या आणि 1948 च्या कायद्याने एनसीसी आली. रेल्वे व्हॉलंटियरांची वाट वेगळी, ती ऑक्झिलियरी फोर्समध्ये गेली आणि स्वातंत्र्यासोबत 1947 ला संपली.