चेहरा हुबेहूब येतो, फाइन आर्ट्सला पाठवू का?

ताई,

तुमचं पत्र आणि मुलाच्या चित्रांचे फोटो मिळाले. तो बारावी सायन्सला आहे, पेन्सिलने चेहरे हुबेहूब काढतो, आपल्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातले ओळखीचे लोक त्याला ऑर्डरी देतात. त्याला फाइन आर्ट्स हवंय, बाबांना इंजिनिअरिंग. हात चांगला आहे, एवढ्यावर पाठवू का, असं तुम्ही विचारलंय.

एवढ्यावर नको. हात खरंच चांगला आहे. आजोबांच्या चष्म्याच्या काडीची गालावरची सावली त्याने किती हलकी ठेवलीय! पण सगळे चेहरे मोबाइलच्या फोटोवर चौकोन आखून उतरवलेले दिसतात. जवळून घेतलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे सरकतात. त्याच्या कागदावरही तेच आलंय. गालांवर बोट घासून छटा केल्यात. बोटाचं तेल कागदाला लागलं की तिथे डाग पडतात, ते खोडरबरानेही जात नाहीत. केसांत सहा बी ही मऊ, गडद पेन्सिल दाबून घासलीय, त्यामुळे ग्राफाइट चमकतं आणि सगळ्यात काळी जागाच उजेडात पांढुरकी दिसते. त्यापेक्षा दोन बी, चार बीचे हलके थर एकावर एक चढवू द्या.

आता फोटो बंद. सुरसागरच्या काठी, कमाटीबागेत, स्टेशनवर बसून त्याने जिवंत माणसं काढावीत. माणूस हलतो, मान वळवतो, उठून जातो. तेवढ्यात काय टिपायचं हे ठरवता आलं पाहिजे. सुरुवातीला चित्रं बिघडतील, तुम्ही हळहळू नका. फतेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची व्यक्तिचित्रं आहेत, तीही एकदा निवांत दाखवा. ती तैलरंगातली असली तरी चेहऱ्यावर उजेड कुठून येतो आणि कुठे संपतो, ते तिथे शिकता येतं.

सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० पासून आपल्याच गावात आहे. इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे शिकवत होते. प्रवेशासाठी चाचणी असते. यंदाचे नियम आणि तारखा फॅकल्टीतूनच विचारून घ्या.

बाबांची काळजी रास्त आहे. नुसत्या पोर्ट्रेटच्या ऑर्डरींवर घर चालेल असं मी म्हणणार नाही. पण अप्लाइड आर्ट म्हणजे जाहिरातींसारखी कामं, पुस्तकांची चित्रं, ॲनिमेशन, शिकवणं, असे रस्ते आहेत आणि त्या सगळ्यांना माणूस बघून काढता येणं लागतं. बारावीचा अभ्यास मात्र सोडू देऊ नका.

दिवाळीनंतर त्याची वही घेऊन या, बिघडलेल्या पानांसकट. बाबांनाही सोबत आणा.