लाव्हा नव्हे, चिखल

प्रश्न : कोलंबियातील नेवादो देल रुईझ या ज्वालामुखीचा १९८५ चा उद्रेक तसा लहान होता, असे वाचनात आले. मग त्यात तेवीस हजारांवर माणसे कशी दगावली? लाव्हा आर्मेरो शहरापर्यंत पोहोचला होता का?

उत्तर : लाव्हा आर्मेरोपर्यंत आलाच नाही, शहर गिळले ते चिखलाने. रुईझ हा अँडीज पर्वताच्या मध्य रांगेतला, सुमारे ५,३०० मीटर उंच असा स्तरित (लाव्हा आणि राखेच्या थरांनी बनलेला) ज्वालामुखी आहे. नाझका भूपट्ट (पॅसिफिक महासागराच्या तळाचा, पृथ्वीच्या कवचाचा एक प्रचंड तुकडा) दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे तेथे शिलारस तयार होतो. विषुववृत्तापासून फार दूर नसूनही उंचीमुळे त्याचा माथा हिमनद्यांनी झाकलेला असतो, आणि खरा धोका या बर्फातच दडलेला आहे.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री नऊच्या सुमारास विवरातून उसळलेली तापलेली राख आणि दगडगोटे बर्फावरून घसरत गेले, तेव्हा एकूण बर्फापैकी जेमतेम दहावा हिस्सा वितळला; पण ते पाणी अरुंद दऱ्यांत उतरताना वाटेतील माती, दगड आणि झाडे ओढत गेले व त्याचा लोंढा कालवलेल्या काँक्रीटसारखा दाट होऊन कित्येक पटींनी फुगला. अशा लोंढ्याला जावा बेटावरील भाषेतून आलेला ‘लाहार’ हा शब्द आहे. लागुनिया नदीच्या दरीतून सुमारे ७४ किलोमीटर वाहत तो रात्री साडेअकराच्या आसपास आर्मेरोवर कोसळला. दुपारपासूनच शहरावर राख पडत होती.

मन विषण्ण होते ते पुढच्या गोष्टीने. १५९५ आणि १८४५ या दोन्ही वर्षी याच दरीतून असे लोंढे आले होते. १८४५ मध्ये सुमारे हजार माणसे मेली आणि त्याच वाळलेल्या चिखलाच्या पठारावर पुढे आर्मेरो वसले. उद्रेकाच्या महिनाभर आधी तयार झालेल्या धोक्याच्या नकाशातही आर्मेरो स्पष्ट दाखवले होते. उद्रेक आणि लोंढा यांत दोन तासांहून अधिक वेळ होता आणि उंचवट्याची जमीन चालत गाठण्याजोगी होती. रात्रीच्या अंधारात लोकांना घराबाहेर काढणारा ठाम आदेश मात्र वेळेवर आला नाही. माझ्या मते उद्रेकाच्या आकारापेक्षा हीच चूक अधिक जीवघेणी ठरली.

त्यानंतर ज्वालामुखीजवळच्या मानिसालेस शहरात वेधशाळा उभी राहिली. ती भूकंपांबरोबरच नद्यांच्या दऱ्यांमध्ये पुरलेल्या संवेदकांवरही लक्ष ठेवते. २०२३ मध्ये भूकंपांची संख्या एकाएकी वाढल्याने सुमारे तीन महिने नारंगी (सर्वोच्च लाल इशाऱ्याच्या एक पायरी खालचा) इशारा लागू होता. माथ्यावरचा बर्फ आता बराच आटला आहे, तरी लाहार उठवण्याइतका तो अजून शिल्लक आहे.