टेक्निकलमध्ये बाद केलंय, कोर्टात जाऊ का? जाण्याआधी हे बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आठ कोटींच्या रस्त्याच्या टेंडरमध्ये लिफाफा एक (पात्रतेची, म्हणजे टेक्निकल कागदपत्रं) उघडल्यावर 'बिड कॅपॅसिटी अपुरी', म्हणजे हातातली कामं धरून आणखी एवढं काम पेलणार नाही, असा शेरा मारून तुम्हाला बाद केलं, लिफाफा दोन (रेटचा) अजून उघडायचाय, तुमचा रेट सगळ्यात खाली असणार याची तुम्हाला खात्री आहे, आणि आता टेंडर मॅनेज आहे, म्हणजे कोणाला द्यायचं ते आधीच ठरलंय, म्हणून सरळ हायकोर्टात जावं का.

जा, पण रेट आणि मॅनेज हे दोन मुद्दे पुढे करून जाऊ नका. लिफाफा दोन बंद असताना तुमचा रेट कोर्टापुढे आलेलाच नसतो, आणि मॅनेज म्हणायचं तर कोणी, कधी, काय केलं ते तपशिलात लिहावं लागतं, त्या अधिकाऱ्याला नावानिशी प्रतिवादी करावं लागतं. नुसता संशय लिहिला की पिटिशनचं वजनच जातं, मग खरा मुद्दा कितीही चांगला असो, तो ऐकून घ्यायला कोणी उत्सुक राहत नाही.

कोर्ट काय बघतं ते आधी समजून घ्या. १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून सुप्रीम कोर्टाची लाइन एकच आहे, निर्णय बरोबर की चूक हे आम्ही बघणार नाही, निर्णय घेण्याची पद्धत बघू. २००७ च्या जगदीश मंडल निकालात त्याचे दोन प्रश्न करून ठेवले. पद्धतीत मनमानी किंवा पक्षपात झाला का आणि सार्वजनिक हिताला धक्का बसतो का. दोन्हीचं उत्तर नाही असेल तर कोर्ट हात घालत नाही. नागपूर मेट्रोच्या अफकॉन्स प्रकरणात (२०१६) तर हायकोर्टाने पात्रतेच्या अटीचा वेगळा अर्थ लावला होता तो सुप्रीम कोर्टाने फिरवला, म्हणाले टेंडर ज्याने बनवलं त्यालाच त्यातल्या अटी सगळ्यात नीट कळतात. म्हणजे एका अटीचे दोन अर्थ निघत असतील आणि ऑफिसने त्यातला एक धरला असेल तर तिथे भांडून काही हाती लागत नाही.

मग भांडायचं कुठे? टेंडरमध्ये एक लिहिलंय आणि मूल्यमापन वेगळंच केलंय तिथे. आणि तुमची केस मला तशीच दिसते, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

बिड कॅपॅसिटीचं सूत्र आपल्याकडे बहुतेक टेंडरांत ए गुणिले एन गुणिले दोन, वजा बी. ए म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या कुठल्याही एका वर्षी केलेलं जास्तीत जास्त काम, आजच्या दरावर आणून. एन म्हणजे ह्या कामाची मुदत वर्षांत. बी म्हणजे हातातल्या कामांपैकी ह्या मुदतीत जेवढं काम करायचं शिल्लक आहे तेवढं, आणि गफलत नेहमी इथेच होते. तुम्ही दिलेल्या आकड्यांनी करून बघा, ए सहा कोटी, मुदत १८ महिने म्हणजे एन दीड, गुणाकार येतो १८ कोटी. ऑफिसने बी धरला १२ कोटी, उरले सहा, काम आठचं, तुम्ही बाद. पण त्या १२ मध्ये तुमच्या एका जुन्या कामाची वर्क ऑर्डरची पूर्ण रक्कम, तीन कोटी, धरलेली दिसते आणि ते काम तर संपलंय, कम्प्लिशन सर्टिफिकेट तुम्ही अपलोड केलंय. ते तीन काढले की बी नऊवर येतो, कॅपॅसिटी नऊ कोटी आणि तुम्ही पात्र. यात अटीचा अर्थ लावण्याचा प्रश्नच नाही, ऑफिसने स्वतःच्याच अटीप्रमाणे हिशोब केलेला नाही एवढं कागदावर दाखवायचंय. फक्त ते सर्टिफिकेट बिड भरण्याच्या तारखेआधीचंच आहे ना आणि फॉर्ममध्ये ते काम चालू कामांच्या यादीत तुम्हीच टाकलेलं नाही ना, हे आधी तपासा, कारण टाकलं असेल तर सरकारी वकील पहिलं तेच दाखवतील.

दुसरं बघायचं ते बाकीच्यांचं. टेंडरच्या पोर्टलवर लॉगिन करून टेक्निकल मूल्यमापनाचा तक्ता डाउनलोड करा आणि पात्र ठरलेल्यांना हीच फूटपट्टी लावली का ते बघा. हा मुद्दा कोर्टात सगळ्यात जास्त चालतो असं माझं मत आहे. २०२४ मध्ये बन्शीधर कन्स्ट्रक्शनच्या केसमध्ये एकाला पॉवर ऑफ अॅटर्नीच्या कारणावरून बाद केलं आणि ज्याला काम दिलं त्याने सक्तीची कागदपत्रंच दिली नव्हती तरी तो पात्र ठरला होता, तिथे मात्र सुप्रीम कोर्टाने सरळ हस्तक्षेप केला आणि दिलेलं काम रद्द केलं.

आता वेळ. माहिती अधिकाराच्या ३० दिवसांची वाट बघत बसलात तर तोवर वर्क ऑर्डर निघालेली असेल. अर्ज टाकून ठेवा पण त्याच्यावर अवलंबून राहू नका. आज उद्यात कार्यकारी अभियंत्यांना एक पानाचं पत्र द्या, प्रत अधीक्षक अभियंत्यांना, त्यात अट क्रमांक, अपलोड केलेल्या कागदाचं पान, वरचं गणित आणि एकच मागणी, लिफाफा दोन उघडण्याआधी फेरतपासणी करा. आरोप एकही नको. आवक क्रमांकाचा शिक्का घ्या, तेच पत्र मेलनेही पाठवा. बऱ्याचदा काम इथेच होतं, कारण लेखी आलेली बेरजेची चूक फाईलवर तशीच ठेवायला कोणी तयार नसतं.

दोन-तीन दिवसांत हालचाल नाही दिसली तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट याचिका, तुमचा जिल्हा ज्या खंडपीठाखाली येतो तिथे. पात्र ठरलेल्या बिडरनाही प्रतिवादी करा नाहीतर पहिला आक्षेप तोच येतो. उशीर अजिबात नको, कारण स्पेसिफिक रिलीफ अॅक्टमध्ये २०१८ साली आलेली कलमं २०ए आणि ४१(एचए) पायाभूत कामांना मनाई हुकूम नको म्हणतात आणि रस्ते-पूल त्या यादीत आहेत. एन. जी. प्रोजेक्ट्सच्या २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने रिट ऐकतानाही हे ध्यानात ठेवा, काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईकडे पाठवा असं हायकोर्टांना सांगितलंय. मशिनरी साइटवर उतरल्यावर स्टे मिळणं फार अवघड. म्हणून लिफाफा दोन उघडायच्या आत.

वकिलांना मागणी जपून लिहायला सांगा. 'काम आम्हाला द्या' ही मागणी सहसा मान्य होत नाही. 'अपात्रतेचा शेरा रद्द करून टेंडरच्या अटीप्रमाणे फेरमूल्यमापन करा' हे कोर्टाला देता येण्यासारखं आहे.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे बिडची व्हॅलिडिटी, म्हणजे तुमची बिड किती तारखेपर्यंत ग्राह्य आहे ती मुदत. केस चालू असताना मुदत संपली तर समोरचे म्हणणार यांची बिडच आता जिवंत नाही, मग फेरमूल्यमापन कशाचं करायचं. तारीख आजच काढून बघा आणि मुदत संपायच्या आधी आम्ही ती वाढवून देतोय असं पत्र ऑफिसने मागितलेलं नसलं तरी स्वतःहून देऊन टाका.